रेप्लिकेशन वेगवान करण्याचे खात्रीशीर उपाय

आपल्या डिरेक्टरी सर्व्हरचे (वापरकर्ते, पासवर्ड आणि गट यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरचे) रेप्लिकेशन, म्हणजे एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर उतरवणे, मंदावले आहे, एका सर्व्हरवर बदललेला पासवर्ड दुसऱ्या सर्व्हरपर्यंत फार उशिरा पोहोचतो, आणि हा कोड सुधारण्याचे काम आपल्याकडे आले आहे, असे समजू. अशा वेळी पहिली दक्षता ही घ्यावी की वेळ नेमका कोठे खर्च होतो याचे मोजमाप कोणालाही करू देऊ नये. मोजमाप झाले की कारण सापडते, आणि सापडलेले कारण बहुधा इतके सामान्य निघते की त्यावर बैठक बोलावणेही शोभत नाही. ओपनएलडॅप या डिरेक्टरी सॉफ्टवेअरच्या प्रोव्हायडरवर (बदल पुरवणाऱ्या सर्व्हरवर) एंट्रीसीएसएन (नोंदीच्या शेवटच्या बदलाचा वेळ सांगणारा क्रमांक, म्हणजे सीएसएन) आणि एंट्रीयूयूआयडी (नोंदीचा ओळख-क्रमांक, म्हणजे यूयूआयडी) या ॲट्रिब्यूटांचा, म्हणजे नोंदीतील रकान्यांचा, इंडेक्स नसेल, तर कन्झ्युमर (बदल घेणारा सर्व्हर) मागे पडला की बदललेल्या नोंदी हुडकण्यासाठी सर्व्हर सगळा डेटाबेस चाळत बसतो. कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ लिहून इंडेक्स बांधून घेतला की हा प्रश्न सुटतो. पण एका ओळीने सुटलेल्या प्रश्नाला कोणी प्रश्न मानत नाही. त्यापेक्षा सीएसएनची तुलना करणारे फंक्शन हाती घ्यावे, त्यातील स्ट्रिंगच्या जागी पूर्णांक आणावेत, आणि ते पूर्वीपेक्षा किती पटींनी वेगवान झाले याचा सुबक आलेख काढावा. एकूण वेळेत त्या फंक्शनचा वाटा नगण्य होता, एवढा तपशील आलेखात मावत नाही. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण ज्यांनी रचली, त्यांच्याकडे बंबाचा वेग मोजण्याची सोय नव्हती.

नेटवर्कवरून किती माहिती जाते, या विषयात तर मुळीच शिरू नये. २००६ च्या आरएफसी ४५३३ या तांत्रिक दस्तऐवजात वर्णिलेल्या पद्धतीत नोंदीतील एक ॲट्रिब्यूट बदलले तरी संपूर्ण नोंद पाठवली जाते. ओपनएलडॅपच्या मार्गदर्शिकेनेच याचा हिशेब दिला आहे: प्रत्येकी एक किलोबाइटच्या १,०२,४०० नोंदींमध्ये दोन-दोन बाइट बदलले, तर २०० किलोबाइटच्या बदलासाठी १०० मेगाबाइट माहिती वाहून न्यावी लागते आणि तिच्यातील सुमारे ९९.८ टक्के भाग टाकून द्यावा लागतो. केवळ झालेला बदल पाठवणारी डेल्टा पद्धत उपलब्ध आहे, हे आपल्याला ठाऊक असले तरी सहकाऱ्यांपासून लपवावे आणि अधिक क्षमतेच्या नेटवर्कची मागणी नोंदवावी. सेशनलॉगही, म्हणजे अलीकडच्या बदलांची टिपणवहीही, ठेवू नये. तो नसला म्हणजे काही काळ बंद पडलेला कन्झ्युमर परत आल्यावर, न बदललेल्या प्रत्येक नोंदीचा यूयूआयडीदेखील ‘ही अजून आहे’ एवढे सांगण्यासाठी त्याच्याकडे पाठवावा लागतो, आणि आपली यंत्रणा किती कामात आहे हे पाहणाऱ्याच्या मनावर आपोआप ठसते.

वापरकर्त्यांचे मोठे गट ही याहून समृद्ध खाण आहे. विंडोज २००० च्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरी सर्व्हरमध्ये) गटात एक सदस्य घातला की सदस्यांची सगळी यादी रेप्लिकेट होत असे, आणि म्हणून गट ५,००० सदस्यांच्या आत ठेवण्याची शिफारस होती; २००३ च्या आवृत्तीने प्रत्येक सदस्याचे मूल्य स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय करून ही मौज संपवली. आपण निराश होऊ नये. सदस्यांची मूल्ये क्रमाने न लावता ठेवावीत, नवे मूल्य आले की ते आधीच्या प्रत्येकाशी ताडून पाहावे, आणि हजारो सदस्य एकामागून एक घालणारी स्क्रिप्ट रात्री चालवावी. तुलनांची संख्या सदस्यसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे गणित सकाळी लॉग वाचणाऱ्याने करावे.

एवढ्याने भागले नाही तर थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, वाढवावेत. ओपनएलडॅपचा डेटा साठवणाऱ्या एलएमडीबीमध्ये एका वेळी एकच लेखन-व्यवहार चालू शकतो, त्यामुळे आठांचे चौसष्ट थ्रेड केल्याने लिहिण्याचा वेग वाढत नाही, फक्त लॉकपाशी (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपापाशी) थांबणाऱ्यांची संख्या वाढते. परंतु सेटिंगमधला आकडा मोठा दिसतो आणि वरिष्ठ तोच वाचतात. लॉक हातात असतानाच सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, लिहावे, म्हणजे सर्वांत मंद कन्झ्युमरचा वेग आपोआप सर्वांना लागू होईल. समानतेचे तत्त्व कोडमध्ये उतरवण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही.

डिस्कवर सिंक करणे, म्हणजे प्रत्येक बदल लगेच डिस्कवर पक्का लिहिणे, बंद केल्यास मात्र वेग खरोखरच वाढतो, आणि म्हणूनच हा उपाय इतका लोकप्रिय आहे. वीज गेली तर प्रोव्हायडर काही बदल विसरतो, कन्झ्युमरने मात्र ते जपून ठेवलेले असतात, आणि पुढच्या जोडणीच्या वेळी कन्झ्युमरची स्थिती आपल्यापेक्षा नवी असल्याची तक्रार प्रोव्हायडर करतो. मूळ प्रतीच्याही पुढे गेलेले रेप्लिकेशन म्हणजे वेगाचा कळसच.

मागे किती पडलो हे पाहायचे असेल तर दोन्ही सर्व्हरवरील कॉन्टेक्स्टसीएसएन (सर्व्हरकडे असलेल्या सर्वांत नव्या बदलाचा सीएसएन) वाचून ताडता येतो, इतके ते सोपे आहे. म्हणूनच देखरेखीत फक्त पोर्ट उघडे आहे का, म्हणजे सर्व्हर जोडणी स्वीकारतो का, एवढेच तपासावे. तरीही कोणी हट्टाने ताडू लागले, तर घड्याळे जुळवलेली नसावीत. सीएसएनमध्ये वेळ असते, आणि अनेक प्रोव्हायडर एकाच वेळी लेखन स्वीकारत असतील तर एकाच ॲट्रिब्यूटवरील वादात उशिराच्या वेळेचा बदल टिकतो. ज्याचे घड्याळ पुढे त्याचे म्हणणे खरे, आणि विलंबाचा आकडा कधी कधी ऋण येतो. ऋण विलंब दाखवणाऱ्या चमूला कामगिरीबद्दल प्रश्न कसे विचारणार?

शेवटी चेंजलॉगची, म्हणजे झालेल्या बदलांच्या यादीची, मुदत इतकी कमी करावी की एखादा सर्व्हर सुट्टीपुरता बंद राहिला तरी त्याला उरलेले बदल मिळवता येऊ नयेत आणि त्याचा डेटा नव्याने भरण्यावाचून गत्यंतर राहू नये. भरणे संपताच दोन्हीकडील सीएसएन तंतोतंत जुळतात. अहवालासाठी आकडे त्याच क्षणी टिपावेत, आणि लेखनाचा भार पुन्हा सुरू होण्याआधी तिकीट बंद करावे.