गेन १०, मिड ०? पंक लीडला हे चालत नाही

‘गेन १०, बास १०, मिड ०, ट्रेबल १०. झाला पंक लीड टोन! पंकवाले टोनची फिकीर करतच नाहीत.’ या अर्थाच्या रील्स गिटार शिकणाऱ्या पोरापोरींत सतत फिरतात. आकडे अ‍ॅम्पच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या, नॉबचे: गेन म्हणजे आवाज किती फाटेल (डिस्टॉर्शन), बास-मिड-ट्रेबल म्हणजे खालचा, मधला, वरचा भाग. लीड म्हणजे गाण्यात पुढे येऊन सूर वाजवणारी गिटार. चारही आकडे खटकतात, शेवटचं वाक्य तर जास्तच.

आधी गेन. ब्रिटिश पंक बँड सेक्स पिस्टल्सच्या १९७७च्या अल्बमवरची गिटार ऐकली की वाटतं, गेन पार शेवटपर्यंत पिळलाय. पण त्यांचा गिटारिस्ट स्टीव्ह जोन्सच्या हातात लेस पॉल गिटार होती आणि अ‍ॅम्प होता फेंडर ट्विन रिव्हर्ब, म्हणजे क्लीन आवाजासाठी नावाजलेला. तो जाडपणा मुख्यतः एकावर एक चढवलेल्या ट्रॅक्सचा आहे. शिवाय बहुतेक गाण्यांत बास गिटारही त्यानेच वाजवलीय, त्यामुळे दोन्हींचे स्ट्रोक एकमेकांत घट्ट बसतात.

गेन वाढला की सिग्नलची टोकं छाटली जातात आणि हलका पिक, जोराचा पिक सारखेच ऐकू येतात. लीड तर त्या फरकावरच जगतो. पॉवर कॉर्ड एवढ्या गेनमध्येही तगतो, कारण त्यात फक्त सा आणि प. डिस्टॉर्शनमधून जो जादा स्वर निघतो तो खालचा सा. दोन तारांवर सा-ग धरून बघा. गिटारच्या पडद्यांवरचा ग आपल्या तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. क्लीनमध्ये ते खपून जातं, फुल गेनमध्ये नुसती घरघर.

मिड शून्य ही खरी गोची. घरी हळू आवाजात तो टोन झकास वाटतो, कारण कमी आवाजात आपल्या कानाला अगदी खालचं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं आणि बास-ट्रेबल ती कसर भरून काढतात. बँडमध्ये उभं राहा: खाली बास गिटार आणि किक, वर सिम्बल. उरली मधली जागा, आणि तीच तुम्ही सोडून दिलीत! ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल लोक वापरतात ते म्हणूनच. तो खालचं कापतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपास उचलतो. त्याचा ड्राइव्ह नॉब जवळपास बंद, लेव्हल वर. गेनचं काम अ‍ॅम्पला करू द्या. बास १० बद्दल वेगळं काय सांगायचं?

ट्रेबल १० वाले बहुधा ऑडिओ इंटरफेसमधून थेट कॉम्प्युटरवर, कॅब सिम्युलेशन (गिटार स्पीकरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) न लावता वाजवतात. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. तो गाळणारा स्पीकरच नसेल तर कानात माश्या घोंघावणारच.

आणि फिकीर नाही म्हणे! डेड केनेडीज या अमेरिकन पंक बँडचा गिटारिस्ट ईस्ट बे रे इकोप्लेक्स हे टेप-इको यंत्र लावून सर्फ-रॉकच्या वळणाचे लीड काढायचा. हे बेफिकिरीने जमत नाही.

गेन शून्यापासून वाढवत न्या, आलटून पालटून हलका आणि जोराचा पिक मारत. फरक ऐकू येईनासा झाला की नॉब थोडा मागे घ्या. मिड ६-७ पासून सुरू करा, आणि हे सगळं ड्रमर वाजवत असताना.