रिपोर्ट कोणाच्या हातात?

ऐरोलीच्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या वाद रंगलाय: लग्नाआधी नाही तर निदान गरोदरपणी तरी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करावी का? काकांचं मत ठाम, "सक्तीशिवाय आपल्याकडे काही होत नाही." मी लेस्टरला राहते, त्यामुळे "तुमच्याकडे कसं असतं गं?" हे ओघाने आलंच.

इथे सक्ती नाही. मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, चाचणी कशासाठी ते सांगते, नको म्हणायची मुभा असते. तरी इंग्लंडमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त गरोदर बायका ती करून घेतात. आणि काका, आपला २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदाही संमतीशिवाय चाचणी करू देत नाही. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, ती फुकट होते, समुपदेशनासकट.

मग घोडं अडतं कुठे? मागे भावजयीबरोबर एका खासगी नर्सिंग होममध्ये गेले होते. काउंटरवरून नाव पुकारलं आणि लिफाफा थेट आईच्या, म्हणजे तिच्या सासूच्या हातात! आई तिथेच हिमोग्लोबिन शोधायला लागली. त्या रक्तात एचआयव्हीही तपासलाय, हे भावजयीला कोणी सांगितलंच नव्हतं. निगेटिव्ह होता म्हणून निभावलं. नाहीतर नवऱ्याला न तपासताच सगळं खापर तिच्या डोक्यावर.

२०१९च्या सरकारी पाहणीत देशात गरोदर बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२४ टक्के होतं. हजारी दोन-तीन. पण उपचार नसतील तर अशा शंभर आयांपैकी १५ ते ४५ जणींच्या बाळांना लागण होऊ शकते; गोळ्या वेळेत सुरू होऊन नीट चालल्या, तर पाचांहून कमी. म्हणजे ती बाई नजरेआड होता कामा नये. आपल्याकडे तर नाव घालायचं वाशीला आणि सातव्या महिन्यात माहेरी साताऱ्याला. धास्तावलेली सून तिथे गोळ्यांचं नाव तरी काढेल का? जन्मानंतर बाळाला औषध, दीड महिन्याने तपासणी, पुढे दीड वर्षापर्यंत पाठपुरावा, हे सगळं मग कोण करणार?

इथे गुपित राखणं सोपं, कारण बरोबर कोणी नसतंच. मी उलट्या आवरत एकटी बसने जायचे. तेव्हा रांगेत तासन्‌तास बसणारी आई फार आठवायची. सासूला दाराबाहेर काढा असं मी म्हणणार नाही. पण सक्तीची एवढी हौस असेल तर ती नर्सिंग होमवर करा: सुनेला पाच मिनिटं एकटीला आत बोलवा, नीट सांगा, विचारा, लिफाफा तिच्याच हातात द्या. आणि बाहेर मोबाइल बघत बसलेल्या नवऱ्यालाही चाचणीचं विचारा.