मूळ संख्या संपलेल्या नाहीत

परळच्या आमच्या शिकवणीतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "जगातली शेवटची मूळ संख्या सापडली. बँकांची कुलपं आता तिच्यावरच चालणार." दहावीची मुलं तो खरा मानून बसली, म्हणून हा खुलासा. (मूळ संख्या म्हणजे १ पेक्षा मोठी आणि फक्त १ ने व स्वतःनेच भाग जाणारी संख्या.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये संशोधक ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली ही संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अंक ४,१०,२४,३२०. पानावर चार हजार अंक छापले तरी दहा हजारांवर पानं लागतील! पण ती तोवर माहीत असलेल्यांतली सर्वांत मोठी, शेवटची नव्हे.

शेवटची असूच शकत नाही, हे ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केलं. समजा, सगळ्या मूळ संख्यांची यादी झाली. त्यांचा गुणाकार करून १ मिळवा. यादीतल्या कोणत्याही संख्येने भागा, बाकी १ उरतेच. म्हणजे उत्तराचा मूळ अवयव यादीबाहेरचा. इथे मुलं हमखास घसरतात: उत्तर स्वतः मूळच असेल असं नाही. २×३×५×७×११×१३ अधिक १ म्हणजे ३००३१, आणि ती ५९×५०९ आहे. मात्र ५९ आणि ५०९ दोन्ही यादीत नव्हत्या. हा युक्तिवाद मला आजही फार सुंदर वाटतो.

ड्युरंट यांच्या संख्येसारखी '२ चा घात वजा १' ही संख्या, घातांक मूळ असला की मूळच असते, असंही नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, अर्थात २३×८९.

आणि बँकांचं म्हणाल, तर आरएसए या माहिती गुप्त ठेवण्याच्या पद्धतीच्या कुलपात साधारण तीनशे अंकी, गुप्त मूळ संख्या वापरतात. जगजाहीर संख्या तिथे निरुपयोगी.