एर्सिलिया, सातबारा आणि खानदेश : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इटालियन लेखक इटालो काल्विनोच्या 'इन्व्हिजिबल सिटीज' या पुस्तकातली काल्पनिक शहरं हा पोट भरलेल्यांचा भाषेचा खेळ आहे, आपल्याकडे माणसाची ओळख सातबारा आणि जातीच्या दाखल्यावर ठरते, तुमच्या मामांचं गाव नर्मदेच्या बुडितात गेलं, त्यांना ही हवेतली शहरं काय कामाची?

प्रश्न रास्त आहे. पण मामांच्या गावाबद्दल वाचलं आणि मला त्याच पुस्तकातलं एर्सिलिया आठवलं.

१९७२ सालच्या या पुस्तकात प्रवासी मार्को पोलो मंगोल सम्राट कुब्लाई खानाला ५५ शहरं सांगतो. त्यांपैकी एर्सिलियातले लोक एका घराच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या घरापर्यंत दोरे बांधतात. रक्ताचं नातं, व्यवहार, अधिकार, जसं नातं तसा दोऱ्याचा रंग. शेवटी दोरे इतके होतात की चालायला वाट राहत नाही. मग लोक घरं मोडून निघतात. मागे राहतात फक्त दोरे आणि त्यांचे खांब. डोंगराच्या उतारावर सामानसुमान टाकून बसलेली माणसं तो गुंता बघत राहतात. अजूनही शहर तेच असतं, आणि ही माणसं कोणीच नसतात.

आता नर्मदेवरचं सरदार सरोवर धरण घ्या. त्याच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांकडची. सरकारी मोजणीत घर आलं, जमीन आली. पण कोण कोणाच्या शेतात बिनमजुरीनं राबायचं, पेरणीला बी उसनं कुठून यायचं, भांडण कोणाच्या अंगणात मिटायचं, याला रकाना कुठे होता? काल्विनो भिंती काढून टाकतो आणि फक्त हा रकाना ठेवतो. याला मी खेळ म्हणणार नाही.

सातबाऱ्याचं मोल मी नाकारत नाही. तो नसेल तर मोबदलाही नाही. पण तो राज्याच्या नजरेला दिसलेला माणूस आहे. कुब्लाईकडेही नकाशे आहेत, खंडणी येते, तरी आपलं राज्य त्याला कळत नाही, म्हणून तर तो एका परदेशी माणसाला विचारत बसतो. आणि दप्तरावरच जायचं तर खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व-पश्चिम असा मोडला. पुढे त्याचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. आज खानदेश नावाचा जिल्हा नाही. तरी पुण्यात कोणी गाव विचारलं की आपण आधी खानदेश सांगतो.

ब्रिटिश लेखक चायना मिएव्हिल यांची २००९ सालची 'द सिटी अँड द सिटी' ही कादंबरी मला याहून जवळची वाटते. तिच्यात एकाच जागेवर दोन शहरं आहेत, आणि समोर असलेलं दुसरं शहर न बघायला लोक लहानपणापासून शिकतात. धुळ्याच्या एसटी स्टँडवर उभे राहा. फोनवर अहिराणीत 'काय करी ऱ्हायना रे भो' म्हणणारा पोरगा चौकशीच्या खिडकीशी गेला की प्रमाण मराठीत, जरा हळू आवाजात बोलतो. हे त्याला कोणीतरी शिकवलंय, बहुधा शाळेतच. ओळख अंगवळणी पाडली जाते ती अशी, आणि वास्तववादी गोष्टीत हे इतकं सवयीचं दिसतं की वाचणारा पुढे निघून जातो.

एक विचारायचं राहिलं. पुनर्वसन वसाहतीत प्लॉट देताना मामांच्या पाड्यातले शेजारी शेजारीच राहिले, की वेगवेगळ्या गल्ल्यांत गेले? मामांना विचारून सविस्तर लिहा. प्रतिक्रियेत नको, इथे स्वतंत्र लेख म्हणून तुमच्या नावाने टाकू.