चारही चाकांना ताकद, पण किती?

"ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली की घाटाची चिंता मिटली" हे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या गाड्यांवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटात पावसाळ्यात वळणाच्या आतल्या कडेला चिखल वाहून आलेला असतो. आतलं चाक त्यावर गेलं की साधा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) बाहेरच्या चाकालाही तेवढाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो, जेवढा त्या घसरणाऱ्या चाकाला पेलवतो. चाक गरगरतं, गाडीचा जोर जातो. मागच्या ॲक्सलला लिमिटेड-स्लिप (एका चाकाचं मोकळं गरगरणं रोखणारा डिफरन्शियल) असेल तर बाहेरच्या चाकाला जास्त ताकद मिळते आणि गॅस दिल्यावर नाक वळणात येतं. हाच खरा फरक! पुढच्या ॲक्सलला कडक लिमिटेड-स्लिप बसवला तर मात्र स्टिअरिंग हाताला ओढतं, तेही लिहायला हवं होतं. बऱ्याच एसयूव्हीत हे काम घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून करतात, म्हणून घेण्याआधी शोरूममध्ये नीट विचारा.