हाकलायचं तर पद्धतशीर हाकला

उपऱ्यांना हाकललंच पाहिजे, असं तुमचं ठाम मत आहे ना? छान. फक्त ते आपल्या नागपूरच्या धरमपेठेत, तर्री-पोह्याचा घास तोंडात असताना मांडत जा. समोरच्याला अर्धं कळत नाही, त्यामुळे खोडताही येत नाही.

हाकललेल्यांत एखादा हुशार निघाला तर, ही शंका आधी डोक्यातून काढा. निघाला तर निघाला! अमेरिकेनं हे करून दाखवलंय. छ्येन श्युएसन नावाचा एक चिनी तिथला नावाजलेला रॉकेटतज्ज्ञ. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी उभारणाऱ्यांपैकी एक. १९५० मध्ये त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा संशय आला. पाचेक वर्षं पाळतीखाली अडकवून ठेवला आणि १९५५ मध्ये दिला चीनला धाडून. तिकडे त्यानं क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम उभा केला. १९७० मध्ये चीनचा पहिला उपग्रहही वर गेला. पण अमेरिकेतला एक उपरा कमी झाला की नाही? झालं तर मग.

मत पसरवायला व्हॉट्सअ‍ॅप आहेच. ‘हे लोक फुकटचं खातात’ हा मेसेज गुड मॉर्निंगच्या गुलाबामागोमाग फॅमिली ग्रुपवर टाका. ते अ‍ॅप बनवणारा यान कूम १९९२ मध्ये, सोळाव्या वर्षी, युक्रेनमधून अमेरिकेत आला आणि त्याच्या घरची चूल सरकारी फूड स्टॅम्पवर, म्हणजे गरिबांना मिळणाऱ्या धान्याच्या कुपनांवर, पेटायची, हे मात्र फॉरवर्ड करू नका. (तो कायदेशीर आला होता, ठाऊक आहे मला. तुमचा मेसेज कुठे एवढं विचारत बसतो?)

गावातली साफसफाई जरा जपून करा. नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहानं, १७०२ च्या सुमारास, आणि बाहेरून कारागीर-शेतकरी बोलावून. भोसले मागाहून आले. ‘आम्ही मूळचे महालातले’ म्हणणाऱ्या जुन्या वस्तीतल्यांनी इथे हळूच खोकून घ्यावं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा जरीपटका तर सोडाच. संत्रंसुद्धा भोसल्यांनी औरंगाबादेहून आणलं म्हणतात. त्याचे कागद तपासायला कोण जातो?

तुमचे चिरंजीव अमेरिकेत डॅलसला असतात, त्यांची गोष्ट वेगळी. ते उपरे नाहीत, ‘सेटल’ आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं हाकललेल्या १०४ भारतीयांना, त्यातल्या अनेकांना हातकड्या घालून, घेऊन आलेलं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘चोरवाटेनं गेले, भोगा आता.’ बरोबरच होतं. सप्टेंबरात तिथल्या नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी लागली. चिरंजीवांचा व्हिसा जुना, पण धाकट्याची बॅग भरून तयार होती. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, ‘हुशार पोरांची कदरच नाही ना बाप्पा यांना!’

दोन्ही वाक्यं जपून ठेवा, दोन्ही कामाची आहेत. फक्त पहिलं त्या पोहेवाल्यासमोर नका म्हणू. पोरगा मध्य प्रदेशातल्या रिव्याचा आहे, आणि त्याला आता मराठी समजून राहिली.