कुलूप आपलं, किल्ली कोणाची?

दर रविवारी नाशिकला फोन लावते. आईचं 'जेवलीस का?' झालं की फोन काकांकडे जातो. परवा ते व्हॉट्सॲप कंपनीवर तापलेले होते. २०२१ च्या आयटी नियमांनुसार आदेश आला, तर एखादा मेसेज देशात पहिल्यांदा कोणी पाठवला ते मोठ्या कंपन्यांनी शोधून द्यायचं. त्यासाठी एनक्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच मेसेज वाचता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूप) मोडायला लावलंत तर आम्ही भारतातून जाऊ, असं व्हॉट्सॲपच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं होतं. "जाऊ दे की! कर नाही त्याला डर कशाला? राईनपाडा विसरलीस?"

कशी विसरेन? १ जुलै २०१८, साक्री तालुका, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती आणि भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच दिवशी आपल्या मालेगावातही असाच जमाव जमला होता. तिथे पोलिसांनी माणसं वाचवली. काकांचा संताप खरा आहे. पण ती अफवा कुलपात नव्हतीच. ती शेकडो फोनांवर उघडी पडलेली होती, कोणाचाही फोन हातात घेतला असता तर दिसली असती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, तीही एनक्रिप्शनला हात न लावता.

कुलपात असतं ते वेगळंच. बाबांचा अँजिओग्राफीचा रिपोर्ट, शेताचा सातबारा, गंगापूर रोडच्या फ्लॅटचे कागद. आईने ते जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकच्या फुलाफुलांच्या कापडावर ठेवून फोटो काढलेले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तिचा अंगठा.

"तुमच्या इंग्लंडातही हेच चाललंय ना?" काका म्हणाले. चाललंय, आणि म्हणूनच मला भीती वाटते. इथल्या २०१६ च्या कायद्याखाली सरकार कंपनीला हे कुलूप काढण्याची गुप्त नोटीस देऊ शकतं, आणि नोटीस आली हे सांगायचीही कंपनीला बंदी. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने इथल्या ग्राहकांसाठी क्लाउडवरचं, म्हणजे कंपनीकडे इंटरनेटवर साठवलेल्या फोटो-कागदांचं, सर्वांत पक्कं संरक्षण काढून घेतलं. आम्हाला कोणी विचारलं नाही. भारतात सप्टेंबर २०१५ मध्ये एनक्रिप्शन धोरणाचा मसुदा निदान सगळ्यांसमोर आला. लोकांनी आपले मेसेज साध्या स्वरूपात ९० दिवस जपून ठेवावेत, असं त्यात होतं. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. त्या गदारोळाचा मला अभिमान आहे. इथून काही उचलायचंच असेल तर ही गुपचूप रीत उचलू नका.

आणि पोलिसांसाठी ठेवलेलं दार चोरालाही सापडतं. अमेरिकेत दूरसंचार कंपन्यांकडे कायदेशीर टेहळणीसाठी यंत्रणा होत्या. चिनी हॅकर तिथपर्यंत पोचल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. मग डिसेंबरात तिथल्याच सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना एनक्रिप्टेड मेसेज वापरायला सांगितलं.

काका नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापायच्या कामावर होते. मी विचारलं, "काका, तपासासाठी म्हणून नोटेच्या प्लेटची एक जादा प्रत पोलीस ठाण्यात ठेवायला दिली असती तुम्ही?"

"प्लेट कशी बाहेर जाईल?" ते पटकन म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहिले आणि फोन आईकडे दिला.